पायरीखालचा चोखोबा आणि भिक्षापात्र घेतलेला बुद्ध

आमच्या घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावाला रामदासांचे जन्मस्थान म्हणून सगळे ओळखतात. पण जालन्याला लागूनच देऊळगाव राजा तालुक्यात मेहुणा राजा आहे, संत चोखामेळ्यांचे जन्मगाव. ते आपल्यापैकी किती तरुणांनी पाहिले आहे?

चोखोबा महार. 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळली आणि ते मजुरांसोबत गाडले गेले. परंपरा सांगते की नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या. समाधी कुठे बांधली? महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, देवळाच्या बाहेर. जिवंतपणी आत प्रवेश नाही, मेल्यावरही नाही. त्यानंतर सहाशे वर्षांनी, 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावे लागले, तेव्हा कुठे दार उघडले.

आज काही जण म्हणतात, "पाहा, केवढी ही नम्रता! संत पायरीपाशी बसला." मित्रांनो, ही नम्रता नाही. नम्रता माणूस स्वतः स्वीकारतो. चोखोबांना पायरी निवडायची मुभाच नव्हती. लादलेल्या जागेला भक्तीचे नाव दिले की अन्याय पवित्र होतो.

आता अजिंठ्याला या. लेणी क्र. 19 च्या दर्शनी भागात बुद्ध भिक्षापात्र घेऊन राहुलसमोर उभे आहेत. लेणी क्र. 17 मध्ये हाच प्रसंग रंगवलेला आहे. तिथे बुद्ध यशोधरा आणि राहुलपेक्षा कितीतरी उंच दाखवले आहेत. हातात भिक्षापात्र आहे. राज्य सोडून आलेल्या माणसाची ही नम्रता आहे. पात्र त्याने स्वतः उचलले आहे.

बाबासाहेबांना हा फरक कळत होता. 1948 साली प्रसिद्ध झालेला 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. चोखोबांना त्यांनी नाकारले नाही. पण 25 डिसेंबर 1954 ला देहूरोडला मूर्ती बसवली ती बुद्धाची. पूर्वजाला मान दिला, पायरीला दिला नाही.

म्हणून पंढरपूरला गेलात तर त्या समाधीपुढे जरूर उभे राहा. हात जोडा, पण प्रश्नही विचारा : यांना बाहेर कोणी ठेवले? आणि गावातल्या विहारात मूर्ती बसवताना लक्षात ठेवा, आपल्या मुलांना झुकलेली मान दाखवायची नाही.

जय भीम!