जुनी लेखणी आणि नवी कचेरी

हत्यार जुनें झालें कीं तें टाकाऊ झालें, अशी कचेऱ्यांची समजूत असते. आणि हाताला बसलेलें हत्यार टाकणें म्हणजे अर्धी कारागिरी टाकणें, अशी कारागिरांची. हा झगडा पुरातन आहे. परंतु संगणकावरील लेखनाच्या इतिहासांत तो विशेष स्पष्ट दिसतो.

१९७८ सालीं कॅलिफोर्नियांत सीमूर रुबिनस्टाइन यांनीं मायक्रोप्रो ही कंपनी काढली व रॉब बार्नबी यांनीं तिच्यासाठीं ‘वर्डस्टार’ रचला. त्या काळच्या अनेक कीबोर्डांवर बाणांच्या कळा नसत. म्हणून कंट्रोलची कळ दाबून ई, एस, डी आणि एक्स या डाव्या हाताखालच्या चार कळांनीं मजकुरांत चोहोंकडे फिरावें, अशी योजना झाली. उणिवेंतून निघालेली ही युक्ति लेखकांस वरदान ठरली; कारण बोटें अक्षरांवरून न उचलतां लिहिणें आणि खोडणें एकाच ओघांत होऊं लागलें.

पुढें यूटा प्रांतांतील ॲलन ॲश्टन व ब्रूस बॅस्टियन यांचा ‘वर्डपरफेक्ट’ पुढें सरसावला. त्याची १९८९ ची ५.१ ही आवृत्ति अमेरिकेंतील वकिलांच्या विशेष पसंतीस उतरली. ठळक अक्षर कोठें सुरू झालें, समास कोठें बदलला, याच्या गुप्त खुणा ती उघड करून दाखवी. दोष कोठें आहे हें लिहिणारास कळे. परंतु १९९० सालीं विंडोज ३.० आलें आणि मायक्रोसॉफ्टच्या ‘वर्ड’चें पारडें जड झालें. सहकारी वर्ड वापरतात, पक्षकार वर्डमध्येंच मसुदा मागतात, म्हणून तुम्हींही वर्डच वापरा, असा आग्रह सुरू झाला.

हा आग्रह केवळ जुलमाचा होता असें म्हणणें न्याय्य होणार नाहीं. कचेरींतला कागद एकट्याचा नसतो. तो दहा हातांतून जातो. आपणां मराठी लोकांस याचा अनुभव आहेच. युनिकोड रूढ होण्यापूर्वींच्या फॉंटांत टंकलेला मराठी मजकूर, तो फॉंट नसलेल्या संगणकावर उघडला, तर निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. हत्याराशीं निष्ठा राहिली, पण लिहिलेलें मुकें झालें!

उलट, जॉर्ज आर. आर. मार्टिन या कादंबरीकारानें आपण अद्याप डॉसवरील वर्डस्टार ४.० मध्येंच लिहितों, असें २०१४ सालीं दूरचित्रवाणीवर सांगितलें. यंत्रानें आपल्या शब्दांत नाक खुपसूं नये, एवढीच त्यांची अपेक्षा. परंतु मार्टिन यांच्या डोक्यावर साहेब नाहीं. कारकुनाला हें स्वातंत्र्य कोठून मिळावें?

कॅनडाचे लेखक रॉबर्ट सॉयर यांनीं २०२४ सालीं वर्डस्टारची डॉसवरील शेवटची ७.० ही आवृत्ति माहितीपुस्तिकांसह सर्वांस विनामूल्य उपलब्ध करून दिली. स्वतःची आवड जपतांना ती इतरांसही खुली करणें, हा हट्टाचा उदात्त प्रकार होय.

तात्पर्य, लिहून झालेला कागद सर्वांस वाचतां यावा, हें मागण्याचा अधिकार कचेरीला आहे. तो कोणत्या लेखणीनें लिहिला, हें विचारण्याचा नाहीं. ही मर्यादा दोघांनींही ओळखली, तर बहुतेक तंटे मिटतील.