मैदानावरचे गुरुजी : कै. रमाकांत आचरेकर

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांची यादी छापली जाते. विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता, शाळा, मिळालेले गुण आणि पारितोषिक ठेवणाऱ्या दात्याचे नाव, असे तिचे रकाने ठरून गेलेले आहेत. ह्या मुलास शिकविले कोणी, हा रकाना मात्र त्या यादीत आजवर आलेला नाही. ही उणीव एकट्या आपलीच आहे असेही नव्हे. क्रिकेटच्या धावपुस्तकात फलंदाज, गोलंदाज, झेल घेणारा, पंच ह्या सर्वांस जागा असते, शिकविणाऱ्यास नसते.

असे एक धावपुस्तक सर्व भारतात प्रसिद्ध आहे. मुंबईच्या आझाद मैदानावर १९८८ च्या फेब्रुवारी महिन्यात हॅरिस शील्ड ह्या आंतरशालेय स्पर्धेचा उपांत्य सामना झाला. शारदाश्रम विद्यामंदिर आणि सेंट झेवियर्स हायस्कूल असे दोन संघ होते. शारदाश्रमच्या १४ वर्षांच्या सचिन तेंडुलकरने नाबाद ३२६ आणि १६ वर्षांच्या विनोद कांबळीने नाबाद ३४९ धावा केल्या. दोघांनी मिळून ६६४ धावांची अभंग भागी रचली. कोणत्याही दर्जाच्या क्रिकेटमधील तो त्या वेळचा जागतिक विक्रम ठरला व २००६ साली हैदराबादेकडील दोन शाळकरी मुलांनी ७२१ धावांची भागी करीपर्यंत टिकला. एवढे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु ह्या दोन मुलांना घडविणारे गुरू त्या दिवशी मैदानावर नव्हतेच. डाव सोडा, असा निरोप त्यांच्या साहाय्यकाने सीमारेषेवरून पुनःपुन्हा दिला. मुलांनी तो न पाहिल्यासारखे केले आणि फलंदाजी चालू ठेवली. अखेर उपाहाराच्या वेळी सरांस दूरध्वनी करण्यात आला. धावा किती झाल्या, असे सरांनी विचारले. दोन गडी बाद ७४८, असे उत्तर गेले. डाव तत्काळ सोडण्याची आज्ञा झाली. कांबळीने विनवणी केली, की सर, एकच धाव हवी, साडेतीनशे पुऱ्या होतील. ती एक धाव त्यास मिळाली नाही. विनोदाच्या नावापुढे ३४९ हाच आकडा कायम राहिला, आणि ज्याने तो राखावयास लावला त्याचे नाव धावपुस्तकात कोठेच नाही. डाव सुटल्यावर त्याच कांबळीने चेंडू हाती घेऊन ३७ धावांत ६ गडी बाद केले, हेही येथेच सांगावयास हवे.

त्या दूरध्वनीच्या पलीकडे असलेले गृहस्थ म्हणजे रमाकांत विठ्ठल आचरेकर. त्यांचा जन्म १९३२ सालचा, कोकणातील मालवणचा. मुंबईत ते लहानपणीच क्रिकेटकडे वळले व १९४५ पासून न्यू हिंद स्पोर्ट्स क्लबतर्फे खेळू लागले. पुढे स्टेट बँकेची नोकरी धरली आणि बँकेच्याच संघातून १९६३–६४ च्या हंगामात मोइन-उद्-दौला सुवर्णचषक स्पर्धेत हैदराबादविरुद्ध सामना खेळले. प्रथम श्रेणीचा म्हणून गणला गेलेला त्यांचा तो एकमेव सामना होय. स्वतःच्या खेळाच्या जोरावर नाव व्हावे असे त्यात काही नव्हते. पुष्कळ माणसे येथपर्यंत येऊन थांबतात आणि उरलेले आयुष्य आपल्याला संधी मिळाली नाही असे म्हणण्यात घालवितात. आचरेकरांनी नोकरी सांभाळून दादरच्या शिवाजी पार्कवर मुलांना शिकविण्यास आरंभ केला.

हे मैदान १९२५ साली लोकांस खुले झाले. आरंभी त्यास माहीम पार्क म्हणत. १९२७ मध्ये शिवछत्रपतींच्या जन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने, त्यास आजचे नाव मिळाले. एकाच वेळी अनेक संघांचे सराव तेथे चालतात. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो आणि चेंडू कोणाचा, ह्याचाच कधीकधी वाद होतो. अशा गर्दीत आचरेकर सरांनी कामत मेमोरियल क्लबच्या नेटमध्ये आपली शाळा भरविली. शारदाश्रमच्या संघाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती.

सचिन तेंडुलकर प्रथम त्यांच्यापुढे आला तो १९८४ च्या सुमारास. थोरल्या भावाने, अजित तेंडुलकर यांनी, त्यास आणले होते. सरांच्या नजरेखाली पोर बुजले आणि त्याचे काही नीट जमले नाही. हा अजून लहान आहे, पुढे आणा, असे सर म्हणाले. अजितने विनंती केली, की आपण जरा दूर जाऊन पाहावे. सर दूर झाडाआड उभे राहून पाहू लागले, आणि मुलाची निवड झाली. शिष्य निवडताना आपलीच उपस्थिती अडसर ठरत आहे हे मान्य करून दूर जाण्याची तयारी दाखविणारे परीक्षक आमच्या पाहण्यात फार थोडे आहेत! पुढे सरांच्याच सल्ल्याने सचिनने वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रममध्ये नाव घातले आणि शिवाजी पार्कजवळ राहणाऱ्या काका-काकूंच्या घरी त्याचे राहणे होऊ लागले.

सरांची पद्धत सांगावयास सोपी आहे. सकाळी साडेसातपासून नेट, दुपारी सामना, संध्याकाळी पुन्हा नेट. पहिल्याच उन्हाळ्याच्या सुटीत, साठ दिवसांत पंचावन्न सराव सामने आपण खेळलो, असे तेंडुलकर यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. खेळण्याच्या कपड्यांचा जोड एकच. सकाळचे सत्र झाले की घरी जाऊन तो धुवावयाचा आणि दुपारी पुन्हा अंगावर चढवावयाचा. कापड वाळे, खिसे मात्र ओलेच राहत. एका ठिकाणचा डाव संपला की सर स्वतःच्या स्कूटरवर त्यास बसवून दुसऱ्या मैदानावर नेत आणि तेथील संघात खेळावयास लावीत. शिवाजी पार्कवरून थेट आझाद मैदानापर्यंत अशा फेऱ्या होत.

नेटपेक्षा सामन्यावर त्यांचा एवढा भर का, ह्याचा उलगडा आमच्या मते असा. नेटमध्ये त्रिफळा उडाला तरी फलंदाज जागचा हलत नाही. पुढचा चेंडू त्यास मिळतोच. सामन्यात एक चूक झाली की सारा दिवस दुसऱ्याची फलंदाजी पाहत बसावे लागते. बाद होण्याची किंमत फक्त तेथे कळते. ती किंमत नेटमध्येही कळावी म्हणून सरांनी एक रुपयाच्या नाण्याची युक्ती काढली होती. दिवस मावळू लागला की शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी स्टंपवर एक रुपया ठेवावयाचा. साठ-सत्तर मुले क्षेत्ररक्षणास उभी राहत. जो गोलंदाज फलंदाजास बाद करील त्याचा तो रुपया, आणि फलंदाज अखेरपर्यंत टिकला तर त्याचा. अशी तेरा नाणी तेंडुलकर यांनी मिळविली व जपून ठेवली. तेवढ्यावरही दिवस संपत नसे. मग पायाला पॅड बांधलेल्या अवस्थेतच मैदानाला दोन फेऱ्या धावावयाच्या असत.

सरांच्या शिस्तीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एकदा वानखेडे स्टेडियमवर शारदाश्रमच्या वरच्या मुलांचा हॅरिस शील्डचा अंतिम सामना होता. सरांनी सचिनसाठी त्याच दिवशी दुसरीकडे सराव सामना ठरविला होता. तो तिकडे न जाता इकडे टाळ्या वाजविण्यास आला. सरांनी विचारले, किती धावा केल्यास? सामना पाहावयास आलो, असे उत्तर मिळताच त्यांनी मुस्कटात दिली. हातातील जेवणाचा डबा दूर उडाला. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवावयास तू येऊ नकोस, लोकांनी तुझ्यासाठी वाजवाव्यात असा खेळ कर, असे त्यांनी बजावले. हा प्रसंग तेंडुलकर स्वतः कृतज्ञतेने सांगतात. तरी प्रस्तुत लेखकास तो जसाच्या तसा गौरवावा असे वाटत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलांवर हात उगारण्यास मनाई केली आहे, आणि ते योग्यच झाले. सरांच्या चापटीमुळे सचिन घडला असे जे पालक म्हणतात, त्यांनी हेही लक्षात घ्यावे की त्या चापटीच्या आधी सरांनी त्या मुलासाठी सामना ठरविला होता, आणि असे सामने ते रोजच ठरवीत होते.

ज्ञातीच्या स्मरणिकेत ह्या लेखाचे प्रयोजन काय, असे काही वाचक विचारतील. आचरेकर कोणत्या ज्ञातीचे, हा प्रश्न लेखकाने कोणास विचारलेला नाही व येथे त्याचे उत्तरही मिळणार नाही. ह्याच मुंबईत क्रिकेटचे संघ पुष्कळ वर्षे धर्मावरून पाडले जात. युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान, आणि उरलेल्यांचा एक, अशी ती पंचरंगी स्पर्धा होती. १९४० साली गांधीजींनी तिच्याविरुद्ध मत दिले व १९४५–४६ नंतर ती बंद पडली. त्याच्याही आधी, चर्मकार समाजात जन्मलेले पळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले, परंतु पुण्यात खेळत असता त्यांस चहा मिळे तो वेगळ्या भांड्यात व बाहेर. आणि हिंदू संघाचे नेतृत्व त्यांस कधीच लाभले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल ह्यांस ते १९२३ साली मिळाले. पंचरंगी सामने बंद पडत असतानाच आचरेकर खेळू लागले, आणि त्यांनी पुढे जी रांग उभी केली तीत ह्या पाच रकान्यांची आठवण कोणास उरली नव्हती. कवायतीप्रमाणे मुले उभी राहत व चेंडू ज्याच्याकडे येई तो झेल घेई. आपल्या ज्ञातीच्या शिष्यवृत्ती-निधीविषयी वार्षिक सभेत जे वाद होतात, त्यांच्या वेळी ह्या रांगेची आठवण झाल्यास वाईट नाही.

त्या रांगेतून कोण कोण पुढे आले? २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गॉर्डन ग्रीनिजचा त्रिफळा उडविणारे बलविंदरसिंग संधू. यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित. सलामीचे लालचंद राजपूत. १९९२ मध्ये डर्बनला पहिल्याच कसोटीत शतक काढणारे प्रवीण आमरे. अजित आगरकर, रमेश पोवार, समीर दिघे. सरांस १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार व २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. तोवर पक्षाघाताने त्यांचे शरीर जायबंदी केले होते आणि ते चाकांच्या खुर्चीत बसत.

आणि ते दोघे? एकाने चोवीस वर्षे भारताकडून खेळून १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर निरोप घेतला. भाषणात त्याने सांगितले, की एकोणतीस वर्षांत सरांनी आपल्या खेळाची एकदाही वाहवा केली नाही, कारण आपण आत्मसंतुष्ट होऊ असे त्यांस वाटे. आता आपण पुढे खेळणार नाही, तेव्हा त्यांनी तसे म्हणावयास हरकत नसावी. दुसऱ्याने १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके ठोकली, परंतु सतरा कसोटींनंतर, ५४ हून अधिक सरासरी असतानाही, १९९५ साली त्याची कसोटी कारकीर्द संपली. गुरू एक, नेट एक, रुपयाचे नाणेही एकच. ह्या अंतराचा जाब सरांकडे मागणे जितके अन्यायाचे, तितकेच पहिल्याचे सारे श्रेय त्यांच्या पदरी घालणेही. सरांनी मात्र आपल्या परीने दोघांत भेद केला नव्हता; ती एक धाव त्यांनी नाकारली तेव्हा सचिनचा डावही तेथेच थांबला होता.

२ जानेवारी २०१९ रोजी सर गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पार्थिवास तेंडुलकर यांनी खांदा दिला, आणि मैदानावरील लहान मुले बॅटी उंच धरून दुतर्फा उभी राहिली. ३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्कच्या पाच क्रमांकाच्या दरवाजाशी त्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. तेंडुलकर व्यासपीठावर होते. प्रकृती पुष्कळ खालावलेले कांबळीही होते. सचिन जवळ आले तेव्हा विनोदाने त्यांचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. बोलण्याची पाळी आली तेव्हा, सरांच्या स्मरणार्थ म्हणून, त्यांनी एक जुने चित्रपटगीत गाइले.