अपडेट : ऑनलाइन भूमिका-खेळांतील पात्राची वाढ आणि कारागिरी

ऑनलाइन भूमिका-खेळ चालू असतानाच, खेळाडूंची पात्रे, त्यांचा साठा आणि आपसातला बाजार तसाच ठेवून निर्माता कंपनी खेळाचे नियम बदलते. या बदलाला अपडेट किंवा पॅच म्हणतात. बुद्धिबळाचा नियम बदलला तर पुढचा डाव नव्याने मांडता येतो. इथे डाव कधी मोडतच नाही. चढवलेल्या लेव्हल, शिकलेला धंदा, पेटीत जमवलेला माल हे सगळे जुन्या नियमांत कमावलेले असते आणि त्याची किंमत मात्र नवे नियम ठरवतात. म्हणून अपडेट जोखताना आधीच्या कष्टांचे काय झाले, हे सर्वांत आधी पाहावे लागते.

केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीच्या ‘रूनस्केप’मधील (2001) लोहारकाम हे याचे बोलके उदाहरण. या खेळात बहुतेक कौशल्ये 1 ते 99 लेव्हलांत मोजली जात. नव्व्याण्णवसाठी 1,30,34,431 अनुभवगुण लागतात. त्यांतले निम्मे, 65,17,253, लेव्हल 92 ला पूर्ण होतात. म्हणजे ब्याण्णवावर पोचलेला माणूस अर्ध्या वाटेवरच असतो. जुन्या नियमांत रुनाइट धातूचे अंगभर चिलखत घडवायला लोहारकामाची लेव्हल 99 लागे. त्याला पाच कांबी लागत, आणि एका कांबीसाठी रुनाइटचा एक दगड व कोळशाचे आठ तुकडे भट्टीत घालावे लागत. एवढे करून घडवलेले चिलखत अंगावर घालायला बचावाची लेव्हल 40 आणि एक ड्रॅगन मारल्याची मोहीम पुरे. ज्या कारागिराने कोटीवर गुण जमवले, त्याचा सर्वोत्तम माल मधल्या टप्प्यावरचा लढवय्या वापरी. मोठे खेळाडू तर ते चिलखत मंत्राने वितळवून त्याची नाणी करून टाकत.

हे असे घडले ते एका चुकीमुळे नव्हे. सुरुवातीला रुनाइट हा खरोखरच वरचा धातू होता. पुढच्या अपडेटांत बलाढ्य राक्षसांच्या शिकारीतून त्याहून सरस चिलखते मिळू लागली. लढणाऱ्याची शिडी वर वाढत गेली, लोहाराची होती तिथेच राहिली. जानेवारी 2019 मध्ये खाणकाम आणि लोहारकाम मुळापासून नव्याने बांधले गेले. रुनाइट लेव्हल 50 वर आणला गेला आणि त्याच्या वर ऑरिकॅल्कम, नेक्रोनियम, बेन, एल्डर रून असे धातू आले. घडवण्याची रीतही बदलली. पूर्वी एका क्लिकसरशी कांबीचे चिलखत होई. आता तापलेला तुकडा ऐरणीवर ठोकावा लागतो, तो निवत जातो, आणि निवला की घाव कमी कामाचे होतात, म्हणून पुन्हा भट्टीशी जावे लागते. जुन्यांचे गुण शाबूत राहिले आणि त्यांच्या लेव्हलला साजेसे काम पहिल्यांदाच हाती आले. कारागिरीला न्याय देणारे अपडेट म्हणून या बदलाचे नाव घ्यावे लागेल.

याच्या अगदी उलट टोकाला ‘स्टार वॉर्स गॅलेक्सीज’ (जून 2003) येतो. कारागिरीच्या खोलीत या खेळाला आजही तोड नाही, असे या नोंदलेखकाचे ठाम मत आहे. त्यात लोखंड म्हणजे नुसते लोखंड नसे. ग्रहावर उगवणाऱ्या प्रत्येक धातूला स्वतःचे नाव आणि स्वतःचे गुण असत : वीजवाहकता, लवचीकपणा, एकूण दर्जा. तो साठा काही दिवस टिके आणि मग नाहीसा होई, तोच धातू पुन्हा मिळत नसे. म्हणून बंदुका घडवणारा कारागीर उपकरण घेऊन टॅटूईन ग्रहाच्या वाळूत हिंडे, चांगला पट्टा लागला की यंत्रे लावून माल उपसून ठेवी आणि महिनोन्‌महिने पुरवून वापरी. वस्तू वापराने झिजत, त्यामुळे गिऱ्हाईक परत येई. अमक्याच्या हातची बंदूक म्हणून नाव होई, दुकान चाले. पात्राला ठरावीक वर्गही नव्हता : 250 कौशल्यगुणांत हवे ते शिकावे, नको ते सोडावे, थोडा वैद्य थोडा शिकारी असे मिश्रण करावे.

नोव्हेंबर 2005 च्या अपडेटने ही घडी मोडली. 34 व्यवसायांचे 9 झाले, मोकळ्या शिक्षणाच्या जागी ठरावीक वर्ग आणि लेव्हल आल्या. सगळे कारागीर ‘व्यापारी’ या एकाच सदरात चार शाखांत बसवले गेले. जनावरे माणसाळवणारा आणि जैव-अभियंता हे व्यवसायच गेले. दीर्घ खटपटीने मिळणारे जेडाय योद्धेपण पहिल्याच पडद्यावर निवडता येऊ लागले. हेतू नवख्यांना खेळ सोपा करण्याचा होता. पण ज्यांनी वर्षदोन वर्षे साठवण आणि नाव कमावले होते, त्यांच्या हातातला धंदाच पुसला गेला. त्यातच सशुल्क विस्तार नुकताच विकला गेला होता, आणि त्याचे पैसे परत देण्याची तयारी कंपनीला दाखवावी लागली. असंख्य जुने खेळाडू सोडून गेले. हा खेळ 15 डिसेंबर 2011 रोजी बंद झाला. चाहत्यांनी स्वतःच्या सर्व्हरवर पुन्हा उभी केलेली एक आवृत्ती 2005 च्या बदलांआधीची आहे.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने (2004) शिडी लांबत जाण्याची अडचण वेगळ्या वाटेने सोडवली. लेव्हलची कमाल 60 वरून विस्तारागणिक वाढत 2018 मध्ये 120 झाली, आणि मधल्या कित्येक लेव्हलांत नवे काही मिळेनासे झाले. ऑक्टोबर 2020 मध्ये 120 चे 50 करण्यात आले. शिंपीकामात नवख्याला लिननपासून एकेक जुने कापड चढत यावे लागे. 2018 पासून प्रत्येक विस्ताराची शिडी वेगळी झाली. 2022 मध्ये मालाला दर्जाच्या पायऱ्या, कारागिराला विशेष शाखा आणि गिऱ्हाइकाने सामान देऊन काम सांगायची सोय आली. ओळखीचा कारागीर असण्याला पुन्हा किंमत आली.

मोठ्या बदलावर खेळाडूंचे आणखी एक उत्तर असते : जुने परत मागणे. रूनस्केपची लढाईची पद्धत नोव्हेंबर 2012 मध्ये बदलली, आणि फेब्रुवारी 2013 मध्ये मतदान घेऊन ऑगस्ट 2007 च्या जपून ठेवलेल्या प्रतीवरून ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ सुरू करावा लागला. तिथे महत्त्वाची अपडेट मताला टाकली जातात. मंजुरीला आधी 75 टक्के मते लागत, पुढे ही अट 70 वर आली. कारागिरांना कामे नेमून देणारे ‘आर्टिझन’ हे कौशल्य 2014 मध्ये आणि जादूगारांची वस्त्रे घडवणारे ‘वॉर्डिंग’ 2019 मध्ये मताधिक्य असूनही अट न गाठल्याने नाकारले गेले. नवे कौशल्य म्हणून 2023 मध्ये मंजुरी मिळाली ती नौकानयनाला. रुनाइटचे अंगभर चिलखत घडवायला तिथे अजूनही लेव्हल 99 च लागते.