एका पावसाळ्याला एक उत्तर : महागड्या फलनांच्या इष्टतमीकरणाचा इतिहास

फलनाची महत्तम किंमत काढण्याच्या पद्धती तुम्ही शिकला आहात. त्यांत एक गृहीत दडलेले असते : 'क्ष'ची किंमत घातली की उत्तर लगेच आणि फुकट मिळते. आता रायपूरचे धानाचे शेत डोळ्यांसमोर आणा. नत्र किती द्यावे म्हणजे उत्पादन सर्वाधिक येईल, या प्रश्नाचे उत्तर यायला इथे अख्खा खरीप हंगाम जातो. नत्राच्या ५ मात्रा, लागवडीची ४ अंतरे आणि ३ वाण घेतले तरी ६० पर्याय होतात. आणि वाण तीनच कुठे आहेत? डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७०च्या दशकात रायपूरला काम करताना धानाचे सुमारे १९ हजार नमुने गोळा केले. सगळे पर्याय तपासणे अशक्य. मग कोणते तपासायचे?

हा प्रश्न संगणकापेक्षा जुना आहे. इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर यांनी १९३५च्या आपल्या ग्रंथात दाखवले, की अनेक घटक एकाच प्रयोगात बदलता येतात, आणि वाफे यादृच्छिक वाटले तर जमिनीचा कस वाणाच्या नावावर जमा होत नाही. भारतात हे शास्त्र कृषी संशोधकांच्या हाती देण्यात दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे : इंदूरला कापसावर काम केलेले वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पां. वा. सुखात्मे. त्यांचा १९५४चा इंग्रजी ग्रंथ कृषी प्रबंधांच्या संदर्भसूचीत आजही हमखास दिसतो.

सुखात्मे यांनी १९४६ मध्ये आणखी एक धोका दाखवला. पीक कापणीसाठी लहान वाफा घेतला तर खर्च वाचतो. पण सीमेवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पादन फुगून दिसते. बंगालच्या दुष्काळाला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. फुगलेला अंदाज म्हणजे कागदावर असलेले, पण कोठारात नसलेले धान्य. मोजणी स्वस्त करताना ती एका बाजूला झुकत तर नाही ना, हे आधी पाहावे लागते.

१९५१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डॅनी क्रिगे यांनी सोन्याच्या खाणींतील मोजक्या नमुन्यांवरून मधल्या जागेचा अंदाज बांधला. तिथे प्रत्येक छिद्र महाग होते. पुढे लिथुएनियाचे योनास मोत्स्कुस यांनी १९७०च्या दशकात, आणि जोन्स, शोनलाऊ व वेल्च यांनी १९९८ मध्ये, पुढचा प्रयोग कुठे करावा याचा नियम मांडला : अंदाज आणि त्याची अनिश्चितता, दोन्ही एकत्र तोला. याला 'अपेक्षित सुधारणा' म्हणतात.

हा नियम आपल्या शेताला लावून पाहू. समजा, हेक्टरी ४०, ८० आणि १६० किलो नत्र देऊन पाहिले आणि ८० सरस ठरले. पुढच्या खरिपात ८५ घ्यावे? तिथले उत्तर जवळजवळ ठाऊक आहे. हंगाम वाया जाईल. २०० घ्यावे? तिथे अज्ञान खूप, पण आशा कमी. ११०च्या आसपास मात्र आशा आणि अज्ञान दोन्ही आहेत. प्रयोग तिथे करावा.

स्वाध्याय : पुढच्या वर्षी पाऊस कमी पडला, तर ११०चे उत्पादन गेल्या वर्षीच्या ८०शी थेट ताडून पाहता येईल का? फिशर यांचा विचार आठवून, त्याच हंगामात आणखी कोणता वाफा हवा ते सांगा.