तळटीप : मेट्रोचा वेक्टर नकाशा

* ‘एसव्हीजी’ : वेब मानके ठरवणाऱ्या ‘डब्ल्यूथ्रीसी’ने २००१मध्ये मान्य केलेली चित्रपद्धती. यात चित्र ठिपक्यांऐवजी सूचनांनी साठवतात. त्यामुळे कितीही मोठे केले तरी कडा खडबडीत होत नाहीत. मूळ आकार सहा : आयत, वर्तुळ, लंबवर्तुळ, रेषा, जोडरेषा, बहुभुज. मुंबईच्या वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोसाठी (सुरू : ८ जून २०१४) एक जोडरेषा आणि १२ स्थानकांची १२ वर्तुळे पुरतात. आरंभबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो व ‘वाय’ खालच्या दिशेने वाढतो; म्हणून उत्तर वर ठेवलेल्या शहराच्या नकाशात उत्तरेकडील बोरिवलीचा ‘वाय’ अंधेरीपेक्षा कमी येतो. नंतर लिहिलेला आकार आधीच्यावर बसतो, तेव्हा वर्तुळे जोडरेषेनंतरच लिहावीत. नाहीतर मार्ग स्थानकांवरून जाईल. — संपा.