पेटीतल्या पट्ट्या

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली, की घरातल्या इतरांना धूळ दिसते आणि म्हाताऱ्यांना इतिहास दिसतो. यंदा आमच्या पेटीतून निघाल्या त्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पायाला गुंडाळायच्या खाकी लोकरी पट्ट्या. त्या माझ्या वडिलांच्या. त्यांच्याखाली माझी कसरीने खाल्लेली बेरे टोपी. नात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एन.सी.सी.त आहे, आणि पदवीनंतर चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत जायची तयारी करते आहे. पट्ट्या हातात घेऊन तिने विचारले, "आजोबा, पणजोबा एवढे शिकलेले, कवायतीत तरबेज, मग ते ऑफिसर का नाही झाले?"

चकलीचा तुकडा बशीत ठेवून मी सांगायला बसलो. तेच आता वाचकांनाही सांगतो.

इंग्रजांच्या फौजेत हिंदी माणसाची धाव सुभेदार-मेजरपर्यंत. तीस वर्षे नोकरी केलेल्या सुभेदाराने काल विलायतेहून उतरलेल्या पोरसवदा गोऱ्या लेफ्टनंटला सलाम ठोकायचा, ही रीत. पहिल्या महायुद्धाने या रीतीला तडा गेला. 1917 साली विद्यापीठांतून विद्यार्थ्यांची सैनिकी पथके निघू लागली. कलकत्त्याच्या पथकात स्कॉटिश चर्च कॉलेजातला एक विद्यार्थी मोठ्या हौसेने दाखल झाला. त्याआधी बंगाली पलटणीत भरती व्हायला तो गेला होता. पण नजर अधू म्हणून त्याला परत पाठवले होते. त्याचे नाव सुभाषचंद्र बोस. 1918 साली सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात हिंदी तरुणांसाठी वर्षाला 10 जागा ठेवण्यात आल्या. साऱ्या हिंदुस्थानाला मिळून दहा! शिवाय विलायतेच्या मुक्कामाचा खर्च बापाच्या माथी. कारकुनाच्या मुलाने ती वाट नकाशातच पाहावी.

1920 साली या पथकांना यू.टी.सी. हे रूप आले. माझे वडील 1929 साली पुण्यात कॉलेजात होते, तेव्हा त्यांनी या पट्ट्या बांधल्या. पहाटेची कवायत, तंबूतले शिबिर, नेमबाजी हे सारे ते रंगवून सांगत. बंदूक मोजून द्यायची आणि मोजून परत घ्यायची. तिच्या पितळी भागाला त्यांनी लावलेली चकाकी त्यांना साठीतही आठवे. पण नुसत्या त्या कवायतीच्या बळावर फौजेत अधिकारी होता येत नसे. 1 ऑक्टोबर 1932 रोजी डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली. पहिल्या तुकडीत 40 जण होते. त्यांत अमृतसरच्या हिंदू सभा कॉलेजातून आलेले सॅम माणेकशा होते. दार उघडले खरे, पण तोवर वडिलांचे वय उलटले होते. ते कचेरीत चिकटले होते आणि दोन बहिणींची लग्ने त्यांच्या अंगावर होती.

"आणि तुम्ही?" नातीने विचारले. हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होते.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, 1946 साली, पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 1948 च्या कायद्याने एन.सी.सी. उभी राहिली. पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग निघाला. मी कॉलेजात असताना 1962 चे चिनी आक्रमण झाले आणि 1963 पासून एन.सी.सी. सक्तीची झाली. मैदानावर ही गर्दी! निम्मी मुले देशासाठी, तर निम्मी परेडनंतरच्या खाण्यासाठी. फौजेला तातडीने अधिकारी हवे होते. त्यांच्या शिक्षणासाठी पुण्यात आणि मद्रासेत शाळा निघाल्या. वडिलांपुढे बंद असलेले दार माझ्यापुढे सताड उघडे होते. 1964 साली मला निवड मंडळाचे बोलावणे आले.

छातीवर नंबर लावून आम्ही मैदानात उभे होतो. एक फळी, एक दोर, एक पिंप आणि मध्ये खंदक आहे असे मानायचे. सगळ्यांनी पलीकडे जायचे. कवायतीत माझा आवाज खणखणीत, तेव्हा मी भराभर हुकूम सोडले. एक किरकोळ अंगाचा मुलगा मात्र काही न बोलता फळीखाली खांदा देऊन उभा राहिला. शेवटच्या दिवशी नंबर वाचले गेले. त्याचा होता. माझा नव्हता.

घरी येऊन मी सांगितले, "डोळ्यांत दोष निघाला." वडिलांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि एवढेच म्हणाले, "मला कुणी विचारलंच नव्हतं रे. तुला निदान बोलावलं तरी." साठ वर्षे घरात हीच हकीकत चालली. नातीलाही मी तीच सांगितली.

तिने माझ्याकडे निरखून पाहिले. "पण आजोबा, मेडिकल तर निवड झाल्यावर होतं ना?"

मी गप्प झालो. सुभाषबाबूंची नजर खरोखरच अधू होती. मी ती सबब उसनी घेतली होती. वडिलांना कायद्याने अडवले होते आणि मला माझ्या उणिवेने. दोन्ही गोष्टी एकाच पेटीत ठेवून मी वडिलांवर अन्याय केला होता. ते मी तिला सांगितले. फळीचेही सांगितले.

"तुम्ही फळी धरली होती कुठे?"

"कुठेच नाही. मी नुसता सांगत होतो."

ती हसली नाही, म्हणून मला बरे वाटले. 1992 पर्यंत फौजेची जी दारे मुलींना जवळजवळ बंदच होती, ती तिच्यापुढे एकेक करून उघडली आहेत. मे 2025 मध्ये खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून 17 मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हा दूरदर्शनसमोरून ती हलली नव्हती. दार उघडे असले, तरी खांदा आपलाच द्यावा लागतो, हे तिला माझ्याकडून कळले, तर माझी साठ वर्षांची लबाडी थोडी तरी फिटली.

आम्ही पट्ट्या नीट गुंडाळून पेटीत ठेवल्या. पेटी माळ्यावर चढवायची होती. मी सवयीने सांगू लागलो, "आधी तिरकी कर, मग..." तिने एका बाजूची कडी उचलली आणि म्हणाली, "आजोबा, दुसरी कडी धरा."

मी धरली.