सुट्टी, मजुरी आणि साम्राज्याचा वारसा

ठराविक वयाच्या तरुणाने परदेशात वर्षभर राहावे, हिंडावे आणि प्रवासाचा खर्च भागवण्यासाठी तेथेच मिळेल ते काम करावे, यासाठी दिल्या जाणाऱ्या परवानगीला वर्किंग हॉलिडे व्हिसा म्हणतात. नोकरीच्या व्हिसासाठी लागणारे मालकाचे हमीपत्र येथे लागत नाही आणि पर्यटकाला असलेली मजुरीची बंदीही येथे नसते. ऑस्ट्रेलियाने हा व्हिसा १९७५ मध्ये सुरू केला. त्याची ओळख तरुणांना मिळालेली एक नवी सवलत अशी करून दिली जाते. परंतु एक जुना हक्क संपुष्टात येत असताना त्याचा जो अंश राखून ठेवण्यात आला, त्यातून हा व्हिसा जन्मला, आणि तो हक्क मुळात कोणाचा होता हे पाहिल्याशिवाय भारतीय तरुणांपर्यंत तो पोहोचायला जवळजवळ अर्धे शतक का लागले, याचा उलगडा होत नाही.

१९०१ च्या स्थलांतर निर्बंध कायद्याने ऑस्ट्रेलियात श्रुतलेखन परीक्षा आणली. अधिकाऱ्याने निवडलेल्या कोणत्याही युरोपीय भाषेतील ५० शब्दांचा उतारा परकीयाला लिहून दाखवावा लागे, आणि नको असलेल्या माणसाला न येणारी भाषा निवडणे अधिकाऱ्याच्या हाती असल्याने कायद्यात वंशाचा उल्लेख न करताही आशियाई लोकांना दूर ठेवता येत असे. भारतीय त्या काळी ब्रिटिश प्रजाजनच होते, तरीही हा अडसर त्यांना लागू होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे तत्कालीन अध्यक्ष व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री १९२२ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडाच्या दौऱ्यावर गेले ते नेमका हाच प्रश्न मांडण्यासाठी. त्यानंतर १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियात आधीपासून राहणाऱ्या भारतीयांना राष्ट्रीय निवडणुकांत मताधिकार मिळाला, पण नव्याने येणाऱ्यांसाठी दार बंदच राहिले.

गोऱ्या ब्रिटिशांची स्थिती याच्या अगदी उलट होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अवघ्या १० पौंडांच्या भाड्यात त्यांना ऑस्ट्रेलियात आणून वसवण्याची सरकारी योजना चालली, आणि स्वखर्चाने येणाऱ्याला व्हिसाचीही गरज नसे. ऑस्ट्रेलियन तरुणही वर्ष-दोन वर्षांसाठी लंडनला जात, आणि अर्ल्स कोर्ट हा तेथील भाग त्यांच्या वस्तीसाठी प्रसिद्ध झाला. ही मोकळीक दोन्ही टोकांनी आटली. ब्रिटनने १९६२ आणि १९७१ च्या कायद्यांनी राष्ट्रकुलातील नागरिकांचा प्रवेश मर्यादित केला आणि १९७३ मध्ये तो युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांच्या सरकारने श्वेत ऑस्ट्रेलिया धोरणाचे, म्हणजे आशियाई लोकांना दूर ठेवणाऱ्या धोरणाचे, उरलेसुरले अवशेष मोडीत काढले आणि १९७५ पासून ब्रिटिशांनाही व्हिसा बंधनकारक केला. मोकळ्या प्रवेशाची ही वाट बंद होताना तिच्या जागी ठेवलेली पर्यायी वाट म्हणजे वर्किंग हॉलिडे व्हिसा होय. त्याचे पहिले तीन भागीदार देश ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडा हे होते, ही गोष्ट म्हणूनच अर्थपूर्ण ठरते.

ब्रिटनची स्वतःची अशीच योजना कागदोपत्री साऱ्या राष्ट्रकुलासाठी, म्हणजे भारतीयांसाठीही, खुली होती. मात्र परतण्याचा हेतू आणि परतीच्या भाड्याची तजवीज या दोन्हींविषयी अर्जदाराला अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागे, आणि प्रत्यक्षात तिचा लाभ मुख्यतः ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि कॅनडा येथील तरुणांनाच झाला. २००८ मध्ये ती बंद होऊन तिच्या जागी मोजक्याच देशांसाठी युवा गतिशीलता योजना आली, तेव्हा भारतीयांचा कागदावरचा हक्कही संपला.

ऑस्ट्रेलियाच्या योजनेत १९८० मध्ये जपान आणि १९९५ मध्ये दक्षिण कोरिया सामील झाले, आणि योजनेचा चेहरा बदलला. एका मालकाकडे तीन महिन्यांहून अधिक काळ काम न करण्याची अट सुरुवातीला होती, कारण सुट्टी मुख्य आणि मजुरी आनुषंगिक असे गृहीत धरले होते. हे गृहीतक फार काळ टिकले नाही. संसदीय समितीने १९९७ मध्ये या योजनेवर अहवाल दिला, त्याच्या शीर्षकातच हे तरुण पर्यटकांहून अधिक काही असल्याचे म्हटले होते. नोव्हेंबर २००५ पासून ग्रामीण भागात तीन महिने, म्हणजे प्रचलित हिशेबाने ८८ दिवस, हंगामी शेतीकाम करणाऱ्याला दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मिळू लागला. पुढे त्यात इतर कामांचीही भर पडली, आणि जुलै २०१९ पासून सहा महिन्यांच्या अशाच कामावर तिसरे वर्षही मिळू लागले. बंडाबर्ग आणि मिल्ड्युरा यांसारख्या शेतीप्रधान भागांतील भाजी आणि द्राक्षे यांची तोडणी आता परदेशी तरुणांच्या हातांवर अवलंबून राहू लागली.

या अटीने मालक आणि मजूर यांच्यातले नाते मुळापासून बदलले, कारण दिवसांचा दाखला मालकाच्या हाती होता आणि मुदत संपण्यापूर्वी तो न मिळाल्यास दुसरे वर्षच हुकत असे. कामाची सोय करून देणारी वसतिगृहे गावोगाव उभी राहिली. तेथे खाटेचे भाडे आणि शेतावरचे काम एकाच माणसाकडून मिळे, त्यामुळे महाराष्ट्रातील ऊसतोडीच्या मुकादमाच्या हाती जशी सत्ता एकवटते, तशीच ती येथेही एकवटली. मजुरी पुष्कळदा उक्त्या दराने, म्हणजे भरलेल्या पेट्यांच्या संख्येवर मिळे, आणि अननुभवी हातांना त्यातून किमान वेतनाइतकेही पैसे सुटत नसत. उक्त्या कामालाही किमान तासिका वेतनाची हमी देणारा नियम एप्रिल २०२२ मध्ये लागू झाला, म्हणजे ८८ दिवसांच्या अटीनंतर सोळा वर्षांहून अधिक काळाने. हा विलंब क्षम्य मानता येत नाही. ही तरुण मंडळी किती असुरक्षित निवाऱ्यांत राहतात, हे अट येण्यापूर्वीच दिसून आले होते: २३ जून २००० रोजी क्वीन्सलँडमधील चाइल्डर्स या गावातील वसतिगृहाला एका इसमाने आग लावली आणि तीत १५ तरुण प्रवासी मृत्युमुखी पडले.

जुन्या भागीदारांच्या पलीकडील देशांसाठी २००३ मध्ये वर्क अँड हॉलिडे नावाचा वेगळा व्हिसा निघाला. त्यात शिक्षण आणि इंग्रजीच्या अटी होत्या आणि बहुतेक देशांना वार्षिक जागांची मर्यादाही होती. भारताचा प्रवेश याच वाटेने झाला, आणि तोही व्यापार कराराच्या एका कलमातून: २ एप्रिल २०२२ रोजी सह्या झालेल्या आणि २९ डिसेंबर २०२२ रोजी लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया आर्थिक सहकार्य व व्यापार करारात भारतीय तरुणांसाठी वर्षाला १,००० जागा ठरल्या. ब्रिटननेही फेब्रुवारी २०२३ मध्ये भारतीयांसाठी वर्षाला ३,००० जागांची, दोन वर्षे राहू देणारी योजना सोडत पद्धतीने सुरू केली. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून ब्रिटिश तरुणांना दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षासाठी शेतमजुरीच्या अटीतून मोकळे केले, शिवाय त्यांची वयोमर्यादा त्याआधीच ३५ वर्षांवर नेली होती; त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये १८ ते ३० वयोगटातील, शाळेनंतर किमान दोन वर्षांचे शिक्षण पूर्ण केलेल्या भारतीयांसाठी पहिली नोंदणी खुली झाली, आणि २५ ऑस्ट्रेलियन डॉलर भरून नाव नोंदवणाऱ्यांमधून कोणाला व्हिसासाठी अर्ज करता येईल, याचा निर्णय संगणकीय सोडतीवर सोपवण्यात आला.